मोठ्या जावेचा हेवा

बाई, तू गेलीस त्या सकाळी लाखोळी अर्धी उपटून झाली होती. दवानं ओली असते तोवरच ती उपटायची, ऊन चढलं की शेंगा तडकतात आणि दाणा मातीत जातो, म्हणून आपण चौघी जावा झुंजूमुंजूलाच शेताच्या बांधीत उतरलो होतो. तू नेहमीसारखी सगळ्यांच्या पुढे. तुझ्या-माझ्यात निम्म्या बांधीचं अंतर. मी मनाशी म्हटलं, आज हिला गाठायचंच. मान वर न करता सपासप उपटत गेले आणि खरंच तुझ्या बरोबरीला आले. तेव्हा कळलं की तू थांबली आहेस. उपटलेल्या लाखोळीच्या ढिगावर डोकं टेकून बसली होतीस, दमल्यावर बसावं तशी.

"काऊन वो बाई, आज थकली का?" मी विचारलं. माझ्या आवाजात थोडा आनंद होता.

तू बोलली नाहीस. आमगावच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं, हृदय बंद पडलं, तिला काही कळलंसुद्धा नसेल. लग्न होऊन या घरात आल्यापासून शेतात मी तुला एकदाच गाठलं, ते असं.

तुझ्या तेरवीला अंगणात माणूस मावेना. मांडव घातला होता तोही कमी पडला, लोक गोठ्याच्या पडवीत बसले, रस्त्यावर उभे राहिले. आमगावच्या बाजारात तुझ्या शेजारी बसून भाजी विकणारी म्हातारी आली. तू जिच्याकडे लाखोळीची डाळ पोचवायचीस ती गोंदियाची सेठाणी गाडी करून आली आणि सासूबाईंचा हात धरून म्हणाली, "माँजी, ऐसी बहू सबके नसीब में नहीं होती." सासूबाईंनी मान डोलावली. मी त्यांच्या मागेच उभी होते, पाण्याचा गडवा घेऊन. त्यांच्या नशिबात आणखी तीन सुना आहेत हे त्या घडीला कुणाच्याच लक्षात नव्हतं.

मी एकेकाला पाणी देत गेले आणि मनात एकच: माझ्या तेरवीला यातले किती येतील? भाजीवाली येणार नाही. सेठाणी तर नाहीच. लोक म्हणतील, मधली गेली वाटतं, आणि शेताच्या धुऱ्यावरून पुढे जातील. लोक तुझ्यासाठी रडत होते आणि मी तुझ्या गर्दीवर जळत होते. तुला हे सांगायला मला लाज वाटत नाही. तुझ्याशी माझं नातं याच गोष्टीचं होतं, आणि ते तुझ्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं.

एक सांगते, तुला राग येईल. सगळे म्हणत होते की गाय आता दूध देणार नाही, तिला मोठीच्याच हाताची सवय. मी दुसऱ्याच दिवशी बादली घेऊन बसले. तिनं एकदा मागे वळून पाहिलं आणि पान्हा सोडला. रोजच्याएवढंच दूध. मला इतकं बरं वाटलं की मी तिला मूठभर ढेप जास्तीची घातली.

या घरात आले तेव्हा मला वाटलं होतं, एक तरी गोष्ट माझी असेल. माझं माहेर सालेकशाकडचं, जंगलाला लागून. मोह मला कुणी शिकवायला नको होता. झाडाखालचा पाचोळा किती जाळायचा, राख झाडून जागा कशी गुळगुळीत करायची, फूल उन्हात किती दिवस ठेवलं की मनुक्यासारखं होतं, सगळं मी परकर नेसायच्या वयात शिकले होते. इथं पाण्याच्या बोडीच्या पलीकडं आपलं एकच मोहाचं झाड, पण केवढं. पहिल्या चैतात मी सगळ्यांच्या आधी उठून टोपलं भरून आणलं. अंगणात ओतलं. सासूबाई म्हणाल्या, "हो, चांगला आहे." आणि लगेच, "मोठी कोठी गेली? तिले विचारून वाळत घाल."

तिले विचारून! मोह वाळवायचं मी दवनीवाड्याकडच्या बाईला विचारायचं, जिच्या माहेरी चारी बाजूंनी नुसते धानाचे बांध!

मी विचारलं. तू म्हणालीस, "मले काय समजते? तुले येते तसं कर." एवढं सोपं केलंस तू. भांडायलाही जागा ठेवली नाहीस.

पण खरं दुखणं मोहाचं नव्हतं. ते कुठून सुरू झालं ते सांगते. तुला सांगायचं राहिलं आहे.

माझा धाकटा झाला त्या उन्हाळ्यात मला टायफॉइड झाला. आधी आमगावच्या दवाखान्यात, मग घरी खाटेवर. बाळाला सासूबाई सांभाळत, आणि माझी पल्लवी तीन वर्षांची, ती तुझ्या कडेवर. घरात काम तर असं की कुणाला श्वास घ्यायला वेळ नाही. शेणखत बांध्यांमध्ये टाकायचं, धुरे बांधायचे, जवस झोडायचा, मोह वेचायचा, चिंच फोडायची, इतक्या माणसांचा स्वयंपाक. तू एवढं सगळं पल्लवीला कडेवर घेऊन केलंस. झाडाखाली जुनं लुगडं अंथरून तिला निजवायचीस आणि भोवतीनं फुलं वेचत फिरायचीस. तिच्या अंगावर फूल पडलं की ती झोपेत हसायची, असं तूच मला येऊन सांगायचीस. मी खाटेवरून ऐकायची. माझ्या पोरीचं हसणं मला तुझ्या तोंडून कळायचं.

मग मी उठले. भिंत धरून अंगणात आले, तू पोरीला घेऊन शेतातून येत होतीस. मी हात पुढे केले. पल्लवीनं माझ्याकडे पाहिलं आणि तुझ्या खांद्यात तोंड लपवलं.

तू तिला थोपटत म्हणालीस, "जा ना वो, माय होय तुझी."

माझ्या पोरीला हे सांगावं लागलं, बाई. आणि सांगितलं तूच.

त्याच उन्हाळ्यात तू मला पेज भरवली होतीस. माझे केस गळून मुठीत यायचे, ते मला दिसू नयेत म्हणून तू ते पदरात गुंडाळून न्यायचीस. हेही माझ्या लक्षात आहे. म्हणूनच तर तोंड उघडता येईना. पेज भरवणाऱ्या हातातून पोर ओढून कशी घ्यायची? ती मोठी झाली, शाळेत गेली, बारावी झाली, नर्सिंगला गोंदियाला गेली. होस्टेलवरून फोन यायचा तो तुझ्या फोनवर. "मोठी माय, आज इंजेक्शन द्यायला शिकवलं." तू ओट्यावर बसून मोठ्यानं बोलायचीस आणि मग फोन माझ्याकडे द्यायचीस, "घे, तुझ्याशी बोलते." पोरगी विचारायची, "माय, जेवली का?" मी म्हणायची, जेवली. झालं. इंजेक्शनाचं सगळं तुला आधीच सांगून झालेलं असायचं.

म्हणून मी दर फागुनात चुलीचं काढायची. वेगळी चूल मांडली की माझी पोर सुट्टीत माझ्या चुलीशी बसेल, एवढंच माझं गणित. पण ते कुणाला सांगता येण्यासारखं नव्हतं, म्हणून बाकी कारणं सांगायची. यंदाही होळीच्या आधी आपण दोघी अंगणात चिंच फोडत होतो तेव्हा मी सुरू केलं.

"बाई, यंदा मले वेगळी चूल मांडू दे."

तू चिंचोके बाजूला सारत राहिलीस. "चार चुलींले काड्या कोण आणन?"

"माझ्या चुलीच्या मी आणीन."

"अन् बुढी कोनत्या चुलीवर जेवन?"

"तुझ्या. तिले दुसरीकडचं गोड लागते का?"

तू हसलीस. मला तुझं ते हसणं सहन व्हायचं नाही. मग हातातला दगड खाली ठेवलास आणि माझ्याकडे नीट पाहिलंस. "सुमन, तुले खुपून काय राहिलं, ते एकदा सांगून दे ना. एवढ्या वर्साची तेच ते करून राहिली."

सांगायला हवं होतं का? माहीत नाही. मी म्हटलं, "काही नाई खुपत."

"तं मंग होळी होऊ दे. पाहू."

होळी झाली. त्यानंतरच्या आठवड्यात तू लाखोळीच्या ढिगावर डोकं टेकलंस. आपलं भांडण तसंच अंगणात पडून आहे. तू नाहीस म्हणून ते मी हरले असं समजू नकोस. पाऊस लागायच्या आत मी पुन्हा विषय काढणार आहे, फक्त आता कुणाशी भांडायचं ते कळत नाही. उरलेल्या दोघी जावा लगेच हो म्हणतील. त्यात काय मजा?

तुला घरी आणलं तेव्हा पल्लवी गोंदियाहून आली. फाटकातून धावत आली ती थेट तुझ्याकडे. मी दारातच उभी होते, हात पुढे केले की नाही ते मला आठवत नाही. तिनं तुझ्या अंगावर स्वतःला टाकलं आणि "माय वो" म्हणून जो हंबरडा फोडला, त्यानं बाहेर बसलेले पुरुषही उठून उभे राहिले. कुठल्या तरी नात्यातली बाई शेजारणीला हळूच विचारत होती, "मोठीची पोरगी का ही?" पल्लवीनं ऐकलं.

"माझी आहे," मी म्हटलं. एवढ्या जोरानं म्हटलं की रडणाऱ्या बायका थांबल्या. सासूबाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की काय सांगू. तुझा मुलगा तोवर नागपूरहून पोचलाही नव्हता.

तेरवी व्हायच्या आतच मोह गळायला लागला. त्याला काय, घरात कोण गेलं त्याच्याशी झाडाचं देणंघेणं नाही. फूल पडून राहिलं तर ढोरं खातात. मी टोपलं घेतलं आणि निघाले, तर पल्लवी दुसरं टोपलं घेऊन मागून आली. दोघी झाडाखाली वेचत बसलो. दोन्ही टोपली निम्मी भरली. मग ती म्हणाली, "माय, तुले माहीत आहे का, मोठी माय तुझ्यावर लय जळत होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "कोण?"

"मोठी माय. तुझ्यावर."

"कायले? माझ्यापाशी असं काय होतं?"

"तू रुसून जात होतीस ना सालेकशाले."

जात होते. चुलीवरून वाजलं की मी पिशवी भरायची आणि आमगावहून गाडीत बसून माहेरी. गाव हसायचं. चार-पाच दिवस झाले की तुझा देवर, माझा माणूस, यायचा. बाबांच्या अंगणात बाजेवर बसायचा, चहा प्यायचा, पावसापाण्याचं बोलायचा, "चाल" असं कधी तोंडानं म्हणायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आपण होऊन पिशवी उचलायची. परतताना गाडीत तो मला खिडकीची जागा द्यायचा. घरी आले की दिसायचं, माझ्या वाटणीचं काम तू करून ठेवलेलं असायचं आणि पल्लवी तुझ्या मांडीवर. मला वाटायचं, मी गेले की तुला बरंच वाटत असेल. रान मोकळं.

पल्लवी म्हणाली, "तू गेली की मोठी माय सांजेले कुंपणापाशी उभी राहे. बाबा निघाला की म्हणे, पाह्य, गेला बाबू. तुझी माय रुसली की तिच्यामागं माणूस जाते. मी रुसून गेली तं तुझा मोठा बाबा इथंच बसून राहीन, अन् चार दिवसांनी मीच पिशवी घेऊन परत येईन. म्हणून मी जातच नाई. हसून सांगे. पण डोळे नव्हते हसत."

मी वेचायची थांबले. खरं सांगू? मला राग आला. इतकी वर्षं मी हेवा सांभाळला. सगळ्या घरात तेवढं एक माझं होतं, त्यात तुझा वाटा नव्हता. आता कळतं की तिथंही तू माझ्या आधी जाऊन बसली होतीस, आणि माझ्यापेक्षा मुकाट्यानं केलंस, म्हणजे तेही तुझंच सरस!

"मले काऊन नाई सांगितलं कधी?" मी पोरीवर ओरडले.

तीही चिडली. "तू कधी मले काही विचारलं का, माय? मी सुट्टीत आली की तू मोठी मायकडंच पाहत राहत होतीस. तिनं मले काय वाढलं, ती माझ्याशी काय बोलली. मी समोर बसून राहत होती."

मग आम्ही दोघी रडलो. एकमेकींच्या गळ्यात पडून वगैरे नाही, दोन टोपल्यांच्या दोन बाजूंना. तेरवीनंतर ती होस्टेलला गेली. आता फोन माझ्याकडे येतो. परवा कुणा पेशंटच्या म्हातारीचं सांगत होती, बराच वेळ. सांगताना मध्येच थांबली आणि म्हणाली, "मोठी माय असती तं हसली असती." तू तिथंही आहेस.

आता तुझ्या माणसाचं सांगते. ते तुला कळायला हवं.

तू गेल्यापासून भासरे कुणाशी बोलत नव्हते. म्हणजे आधीही किती बोलायचे! धुऱ्यावर माती टाकत, जेवायला बोलावलं की येत, ताटात असेल ते खात. बायका म्हणू लागल्या, पुरुषाचं बरं असते, विसरते. मलाही तसंच वाटलं. मग मागच्या सोमवारी आम्ही सगळ्यांनी छताची कवेलू फेरायला काढली होती. बाकीचे भाऊ वर चढले, आम्ही खालून कवेलू देत होतो, आणि लक्षात आलं, भासरे नाहीत. शेतात पाहिलं, बोडीवर पाहिलं. जेवणवेळ टळली. सासूबाई दारात बसून एकच विचारत राहिल्या, "मोठा कोठी गेला?" त्यांच्या मनात काय येत होतं ते आमच्याही मनात येत होतं, पण कुणी उच्चारलं नाही. छत अर्धं उघडं तसंच राहिलं.

दुपार कलल्यावर फोन आला. दवनीवाड्याकडून, तुझ्या माहेरच्या शेजाऱ्याचा. "तुमचे मोठे भाऊ इथं येऊन बसले आहेत. सकाळपासून. पाणीसुद्धा घेत नाहीत."

तुझा देवर मोटरसायकल काढून गेला. दिवस बुडता बुडता दोघं आले. भासऱ्यांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं, नवा शर्ट, तुझ्या मुलाच्या लग्नातला. पाय धुतले आणि ओट्यावर बसले. मी दाराआड डोक्यावर पदर घेऊन उभी.

सासूबाईंनी विचारलं, "कोठी गेला होतास रे?"

"तिच्या गावाले."

"कायले? कोण आहे तेथं?"

"कोणी नाई. कुलूप आहे. तिचा भाऊ रायपूरले गेला तं कोण राहीन? ओसरीवर बसलो होतो."

"अरे पण कायले गेलास?"

ते हाताच्या रेषा पाहत राहिले. मग म्हणाले, "लग्न झाल्यापासून तिले आणायले कधी गेलो नव्हतो."

सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी आत जाऊन ताट वाढलं. भात, लाखोळीचं वरण, कांदा. ताट बाहेर ठेवलं, ते जेवले, सगळं जेवले. मला रडू यायला हवं होतं. ते आलं, पण नंतर, भांडी घासताना. त्याच्या आधी आला तो हेवा. आतापर्यंतचा सगळ्यात मोठा.

माझा माणूस दर वेळी मला घ्यायला आला, पण मी तिथं आहे हे ठाऊक असून आला. तुझा माणूस तू तिथं नाहीस हे ठाऊक असून गेला. आता मी याच्यावर काय करू, बाई?